बेल्ट लावलेला रोहू

पहाटे पाच वाजता अबनीमोहन समाद्दार बंगालमधल्या चुंचुड्याच्या आपल्या घराच्या अंगणात गाडी सुरू करून बसले होते. त्यांना कुठेही जायचं नव्हतं, निदान अजून दोन तास तरी. डिकीत एक रिकामा डबा होता आणि अबनीमोहन तो रिकामेपणा थंड करत होते.

डबा गाडीच्या सॉकेटवर चालणारा होता. साठ लिटरचा, लांबट, चार वर्षांचं पोर पाय न दुमडता आत झोपलं असतं. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की वस्तू ठेवण्याआधी डबा दोन तास चालवून घ्यावा, आणि इंजिन बंद असताना चालवू नये, नाहीतर गाडीची बॅटरी उतरते. अबनीमोहन छत्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. छापलेल्या सूचनेपुढे ते मान तुकवत. गाडी घेऊन दीड महिना झाला होता आणि तिची पुस्तिका त्यांची दोनदा वाचून झाली होती. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी पेन्सिलने छपाईच्या चुका सुधारल्या होत्या.

आज पुतण्या शौनकचं लग्न. त्याची उष्टी हळद, साड्या, मिठाई आणि नवरीसारखा नटवलेला एक भला मोठा रोहू, एवढं सगळं कृष्णनगरला नवरीच्या घरी पोचवायचं होतं. भटजींनी अकरा वीसची वेळ दिली होती. तोवर हळद पोचली नाही तर पुढचा मुहूर्त थेट संध्याकाळचा, आणि नवरी तोवर उपाशी. हळद आणि साड्या कोणीही नेल्या असत्या. मासा मात्र अबनीमोहननी मोठ्या भावाकडून मागून घेतला होता. अक्षरशः हात जोडून.

कारण बावीस वर्षांपूर्वी, थोरल्या पुतण्याच्या लग्नात, मासा त्यांनीच नेला होता. भाड्याची गाडी, वैशाखाचं ऊन, रेल्वेचं बंद फाटक. तेही त्यांच्याच खात्याचं. तीन तास. मासा पोचण्याआधी त्याचा वास पोचला, आणि मुलीकडचे अतिशय सभ्य लोक म्हणाले, "या या. मासा बागेत ठेवा. पलीकडच्या." तेव्हापासून समाद्दारांच्या घरात दूध नासलं की म्हणत, "अबनीचा मासा झाला." परीक्षेत पोरगं नापास झालं तरी तेच. चुलत सासऱ्यांच्या तब्येतीची चौकशी केली तेव्हा डॉक्टरही म्हणाले होते, "आता अबनीमोहनचा मासा समजा." डॉक्टर घरातले नव्हते. एवढी ती गोष्ट पसरली होती.

"बाबा, अंगणात बसून किती पेट्रोल जाळणार?" मुलगी टुकटुकी ब्रश करत बाहेर आली. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि घरात कोणालाच काही शिकवायच्या फंदात पडायची नाही.

"आतून गार व्हायला हवा तो."

"तो झाला असेल. तुम्ही पण व्हा."

सात वाजता सामान भरणं सुरू झालं. अबनीमोहननी प्रत्येक वस्तूचं वजन आधीच करून ठेवलं होतं. जड ते खाली, पुढे, मागच्या सीटला टेकून. हलकं वर. सगळ्यावर जाळी, जाळीचे चारही हूक चार कड्यांत. हळदीची वाटी पुढच्या गारवा येणाऱ्या कप्प्यात. तेवढ्यात त्यांची थोरली बहीण, म्हणजे सगळ्या गल्लीची आत्या, पिशी, संदेश मिठाईचं ताट मागच्या काचेखालच्या फळीवर मांडताना दिसली.

"दिदी, तिथे नाही ठेवायचं."

"का रे? छान दिसतंय. मागच्यांना कळेल लग्नाची गाडी आहे."

"ब्रेक मारला की तिथली वस्तू गोळीसारखी सुटते. पुस्तिकेत आहे."

"संदेश?"

"संदेशसुद्धा."

पिशीने संदेशामुळे माणसं जाड झालेली पाहिली होती, जखमी झालेली पाहिली नव्हती. पण लग्नाचा दिवस होता. तिने ताट खाली ठेवलं आणि मासा आणायला गेली. नऊ किलोचा रोहू तिने पहाटेपासून नटवला होता. लाल शालू, डोक्यावर पदर, कपाळ जिथे असावं अशा अंदाजाने लावलेली टिकली, आणि नाकात पिशीची स्वतःची सोन्याची नथ. मासा डब्यात ठेवताना तिला आत थोडी ऊब लागली. पण नव्या वस्तूबद्दल अबनीला काही विचारणं म्हणजे अर्ध्या तासाचं व्याख्यान ऐकणं. तिने झाकण लावलं.

गाडी निघाली. गंगेवरचा पूल ओलांडला, कल्याणी मागे पडली. अबनीमोहन गुणगुणत होते.

"बाबा," टुकटुकी म्हणाली, "कुठेतरी मासे शिजतायत."

"बंगालमध्ये सकाळी आठला मासे शिजणार नाहीत तर काय शिजणार?"

पाच मिनिटं गेली. "अजून वास येतोय. आपण पन्नासच्या वेगाने जातोय आणि स्वयंपाकघर आपल्याबरोबर येतंय."

"इकडे वस्ती दाट आहे."

दोन्ही बाजूंना भातशेती होती. माणूस नव्हता. मग पिशी मागे वळून म्हणाली, "अबनी, डब्यातून वाफ येते का रे? थंड वस्तूला येते ना वाफ? बर्फाला येते."

चाकदह बाजाराच्या अलीकडे अबनीमोहननी गाडी बाजूला घेतली, आधी इशारा दिवे लावले, मग उतरले, मग डबा उघडला. चष्म्यावर वाफ धरली. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. नवरीचे डोळे पांढरे झाले होते. शालू अंगाला चिकटला होता. टिकली विरघळून ओघळली होती.

"हा डबा गरमही करतो का?" टुकटुकीने विचारलं.

"करतो. हिवाळ्यात सहलीला जेवण न्यायला. निळा ठिपका थंड, लाल ठिपका गरम." अबनीमोहन वाकून बटणाकडे बघत होते. बटणाच्या दोन्ही बाजूंना लाल ठिपके होते. शिवाय वर एक, खाली एक आणि झाकणावर एक.

तिघेही पिशीकडे वळले. म्हणजे दोघेच वळले. मासा वळला नाही.

"नवीन यंत्र घरात आलं," पिशी म्हणाली. "शेंदूर नको लावायला? गाडीला लावला, पंख्याला लावला होता, तुझ्या त्या पाणी तापवायच्या टाकीलासुद्धा लावला. काही झालं का त्यांना?"

"मग तुम्ही बटण कुठल्या बाजूला केलंत, बाबा?"

"डावीकडे. थंड डावीकडेच असतं."

"कुणी सांगितलं?"

"आपल्या नळाला आहे."

"आपला नळ उलटा बसवलाय. प्लंबर जाताना स्वतः सांगून गेला होता."

अबनीमोहन रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसले. साडेआठ वाजले होते. खिशात फोन वाजला. नवरीचे मामा, बिमलेंदुबाबू. कृष्णनगरात हे गृहस्थ लग्नांत खोट काढण्यासाठी खास बोलावले जात. इथे तर घरचेच होते.

"काय बेयाईमशाय, अहो व्याहीबुवा, निघालात का? मासा कसा आहे?"

"उत्तम," अबनीमोहन म्हणाले. "नुकताच पाहिला."

"नाही, आमच्या कानावर तुमच्या एका जुन्या माशाची गोष्ट आली, म्हणून विचारलं हो. सहज."

फोन ठेवून अबनीमोहन उठले. कृष्णनगरापर्यंत गेलेली गोष्ट आता पुढे मुर्शिदाबादेत जाऊ द्यायची नव्हती.

चाकदहच्या मासळीबाजारात त्या दिवशी एकही मोठा मासा उरला नव्हता. मुहूर्त दांडगा होता, चोवीस परगण्यापासून नदियापर्यंत सगळ्यांनाच नवऱ्या नटवायच्या होत्या. हाराधन नावाच्या आडत्याने डब्यात डोकावून लांब श्वास घेतला.

"दादा, मोहरी वाटून घातली असती तर झालंच होतं की. थोडक्यात राहिलं."

"दुसरा आहे का, ते सांग."

"मेलेला नाही. जिवंत आहे एक, मागे हौदात. आठ किलोचा. मारून देऊ?"

अबनीमोहन विचारात पडले. वैशाखाचं ऊन, पुढे अजून निम्म्याहून जास्त रस्ता, आणि डब्यावरचा विश्वास उडालेला. मग त्यांचा चेहरा उजळला. "मारू नकोस. दिदी, टुकटुकी, नीट विचार करा. मासा खराब कधी होतो? मेल्यावर. मग जर तो मेलाच नाही तर?"

"याला तर्क म्हणतात का, पिशी?" टुकटुकीने विचारलं.

"मला काय विचारतेस, शिकलेली तू," पिशी म्हणाली.

हाराधनने मान डोलावली. "न्या. पण नुसत्या पाण्यात अर्ध्या तासात उताणा पडेल. पाणी बडवत राहायचं. आमची पोरं हंड्यात मासे नेतात ना, तशी. हाताचा तळवा असा, छप् छप् छप्. वारा पाण्यात गेला पाहिजे. हात थांबला की मासा थांबला."

"आमच्या गाडीत सॉकेट आहे," अबनीमोहन ताठ होत म्हणाले. "आम्ही पंप लावू."

शेजारी शोभेच्या माशांचं दुकान होतं. पंप मिळाला, तो मोठ्या हौदाचा, घरच्या विजेवर चालणारा. पण अबनीमोहनकडे त्यासाठीही एक पेटी होती, गाडीच्या विजेची घरची वीज करणारी. त्यांनी शालू-नथ काढून शिजलेला रोहू हाराधनच्या हवाली केला, डब्याची वायर काढली, आत बोट फिरवून डबा निवल्याची खात्री केली, उरलेल्या लाल ठिपक्यांना मनातल्या मनात नमस्कार केला आणि हौदाचं पाणी भरलं. मासा आत गेला. डबा मागच्या सीटवर ठेवला, कारण डिकीत पंपाची नळी पोचत नव्हती. पेटी सॉकेटला जोडली. टुकटुकीचा फोन तीन टक्क्यांवर होता, तिने तो पेटीच्या दुसऱ्या छिद्रात खुपसला. पिशीने हातातला छोटा पंखा तिसऱ्यात.

"एका सॉकेटवर एकशेवीस वॉटच्या वर जायचं नाही," अबनीमोहन सांगू लागले, "कारण त्यापुढे फ्यूज..."

टक् असा आवाज झाला.

पंप थांबला. पंखा थांबला. फोन मिटला. मासा वर आला आणि तोंड उघडून समाद्दारांकडे बघू लागला. त्याच्या नजरेत आरोप नव्हता, पण चौकशी होती.

"दुसरा फ्यूज आहे ना गाडीत?" टुकटुकीने विचारलं.

"होता. तो मी पहिल्या आठवड्यात बदलून पाहिला. सरावासाठी. जुना टाकून दिला."

पिशीने पदर खोचला, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि तळवा पाण्यावर आपटला. छप्. मासा खाली गेला.

"चल, अबनी. बघतोस काय?"

गाडी सुरू झाली आणि लगेच बीप वाजला. बीप, बीप, बीप. पुढे दोघांचेही बेल्ट लावलेले होते, पिशीचाही होता.

"मधल्या सीटवर कोणीतरी बेल्टशिवाय बसलंय," अबनीमोहन म्हणाले.

"मासा आहे तो, बाबा."

"गाडीला काय माहीत? चाळीस किलो भरतंय ते पाण्यासकट. गाडीच्या दृष्टीने ती एक हडकुळी बाई आहे. दिदी, लाव बेल्ट."

पिशीने एका हाताने पाणी बडवत दुसऱ्या हाताने डब्याला बेल्ट लावला. बीप बंद झाला. मासाही थोडा शांत झाल्यासारखा वाटला.

मग चाळीसच्या वेगाने रानाघाट. जोरात गेलं तर पाणी पिशीच्या मांडीवर येई, हळू गेलं तर घड्याळ पुढे सरके. अबनीमोहन वळण आलं की आधी ओरडत, "दिदी, डावीकडे वळतोय!" आणि पिशी उजवीकडे कलून डबा पोटाशी धरी, हात न थांबवता. चार सिग्नलनंतर ती सगळ्या वळणांत पारंगत झाली होती. पाच किलोमीटरनंतर टुकटुकीने विचारलं, "पिशी, मी बडवू थोडा वेळ?" पिशी म्हणाली, "तुझा हात हलका आहे. तुला नाही जमायचं. मेला तर माझ्या हाताने मरू दे."

रानाघाटच्या नाक्यावर पोलिसाने हात केला. त्याने आधी पुढे पाहिलं, मग मागे. मागे एक साठी उलटलेली बाई खाली बघून तळव्याने कोणाला तरी बडवत होती आणि आतून धडपड ऐकू येत होती. शेजारी सीटवर लाल शालू, नथ आणि टिकलीची डबी.

"डब्यात कोण आहे?" पोलिसाने हळू आवाजात विचारलं.

"नवरी," पिशी म्हणाली. तिला आता समजावून सांगायची ताकद नव्हती.

"बेल्ट लावलाय," अबनीमोहननी घाईने जोडलं.

पोलिसाने झाकण उचललं. आतून अर्धा तांब्या पाणी त्याच्या टोपीवर आलं. त्याने झाकण अगदी हळुवार मिटलं आणि तो म्हणाला, "माझ्या धाकटीचं लग्न येत्या माघात आहे. मासा असा जिवंतही नेतात हे आमच्या घरी कळू देऊ नका." आणि त्याने बाकी सगळी गर्दी अडवून त्यांना वाट करून दिली.

दहा पन्नासला कृष्णनगर आलं. नवरीच्या गल्लीच्या तोंडाशी, आंब्याखाली, गाडी थांबवून मासा नटवायचं ठरलं. मेलेल्या माशाला शालू नेसवणं पिशीच्या डाव्या हाताचा मळ होता. जिवंत मासा वेगळा प्रकार होता. टुकटुकीने डोकं धरलं, अबनीमोहननी शेपूट. पहिल्या निऱ्या त्याने उडवल्या. दुसऱ्यांदा पदर नीट बसला, पण टिकली अबनीमोहनच्या नाकावर लागली.

"धर घट्ट!" पिशी ओरडली. "नथ घालतेय!"

"पिशी, तो श्वास घेत नाहीये."

"नटताना कोण घेतं? झालं, झालं, टाक पाण्यात!"

नवरी शालूनथीसकट डब्यात उतरली. अकरा वाजून सात मिनिटं झाली होती.

दारात बायकांनी जीभ हलवून मंगल उलूचा गजर केला. अबनीमोहननी कप्प्यातली हळद काढली, गारेगार आणि जशीच्या तशी, आणि ती नवरीच्या आईच्या हातात दिली. तिच्याकडे कोणी फार लक्ष दिलं नाही. सगळे डब्याकडे बघत होते. अबनीमोहन आणि टुकटुकीने तो मागच्या सीटवरून काढला आणि ओसरीवर ठेवला. गर्दीतून बिमलेंदुमामा पुढे आले. बाह्या सारलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर.

"बघू, बघू. कल्ले लाल आहेत का ते बघितलं की कळतं सगळं. आजकाल लोक बर्फातला चार दिवसांचा आणतात आणि वर शालू गुंडाळतात. वास कसला येतोय, बेयाईमशाय? नाही म्हणजे, जुनी गोष्ट ऐकली म्हणून..."

मामा वाकले, पदर बाजूला सारला आणि कल्ल्यात बोट घातलं.

रोहूने शेपटी उचलली आणि मामांच्या गालावर अशी वाजवली की ओसरीवरचे शंख फुंकणारे थांबले. चष्मा तुळशीपर्यंत गेला. डब्यातलं उरलंसुरलं पाणी मामांच्या कोऱ्या सदऱ्यावर गेलं. मग आतल्या खोलीतून नवरी अद्रिजा, पहाटेपासून उपाशी, हसत हसत दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

"जिवंत आहे!" तिची आई म्हणाली. "आई गं, जिवंत आहे! आमच्या सात पिढ्यांत असा मासा कोणी आणला नाही हो."

"आई, याला कापलंत तर मी हळद लावून घेणार नाही," अद्रिजा डोळे पुसत म्हणाली. "मामाला मारणारा पहिलाच आहे तो."

वाद घालायला वेळ नव्हता, अकरा अठरा झाले होते. पिशीने नथ काढून घेतली, शालू सोडला, आणि चार जणांनी मासा मागच्या तळ्यात सोडला. इकडे हळद लागली. अबनीमोहन तळ्याच्या पायरीवर उभे होते. लोक येऊन त्यांचा हात हातात घेत होते. चुंचुड्याहून मोठ्या भावाचा फोन आला. "अबनी, इथे सगळ्यांना कळलंय रे. सगळे तुझंच नाव घेतायत." भाऊ बहुधा रडत होता. अबनीमोहनना दिसलं की आपणही रडतो आहोत, आणि त्यांनी ते थांबवायचा प्रयत्न केला नाही. बावीस वर्षं झाली होती.

"बेयाईमशाय." मागून बिमलेंदुमामा आले. गाल सुजलेला, सदरा बदललेला, आवाजात पहिल्यांदाच आदर. "मी आयुष्यात पुष्कळ माशांना नावं ठेवली. आज पहिल्यांदा माशाने मला ठेवून दिली. मानलं तुम्हाला."

"छे छे, कर्तव्य होतं."

"आता ऐका. परवा फूलशय्या, पोरांची पहिली रात्र. आमच्याकडून तुमच्याकडे भेट येणार. तुम्ही असा मासा आणल्यावर आम्ही मेलेला पाठवला तर आमच्या घराण्याची काय शोभा राहील? आमचं ठरलंय. जिवंतच येणार. आणि मुलीकडचे म्हणून एकावर भागणार नाही. दोन."

"वा!" अबनीमोहन म्हणाले. "उत्तम!"

"पण आमच्या जिल्ह्यात असं कोणाला जमत नाही. तेव्हा परवा सकाळी तुम्हीच गाडी घेऊन या, आणि न्या. तुमच्यासारखा माणूस असताना आम्ही दुसऱ्या कोणावर कसे विसंबणार?"

अबनीमोहन हो म्हणाले. त्यांच्या आयुष्यात त्यांच्यावर कोणी माशाच्या बाबतीत विसंबलेलं नव्हतं, आणि नाही म्हणणं त्यांच्या हातात उरलं नव्हतं.

पायरीवर पिशी बसली होती. चाकदहपासून कृष्णनगरपर्यंत पाणी बडवून तिचा उजवा तळवा टम्म सुजला होता, बोटं भिजलेल्या मनुकांसारखी झाली होती. तिने वर मामांकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि डावा हात हळूच पदराखाली घेतला.

"राहू दे, पिशी," टुकटुकी म्हणाली. "दोन म्हणालेत ते. तोही लागणार आहे."